काचेवरची हळद

सुमेध, काल तुझ्या आईनं सरांची माफी मागितली. तुझ्या वतीनं, सगळ्यांसमोर, हात जोडून.

ऐकलंस? तू असतास तर नेहमीसारखा चष्मा वर सरकवून म्हणाला असतास, ‘जाऊ दे ना.’ तुझ्या या ‘जाऊ दे ना’चा मला इतका राग आलाय की तू गेल्यापासून धड रडायलासुद्धा जमलेलं नाही. रडायला बसले की भांडायलाच लागते तुझ्याशी.

शोकसभा आपल्याच वर्कशॉपमध्ये ठेवली होती. पाहुण्यांना ग्रीस दिसू नये म्हणून लेथ मशिनवर पांढरी चादर घातली होती. तुझा फोटो, दोन मेणबत्त्या, शेवंतीचा हार. काका-काकू पहिल्या रांगेत. काकांनी एकदाही मान वर केली नाही. विभागप्रमुखांनी ‘कधीही भरून न येणारी हानी’ म्हणून घेतलं. हेच भाषण त्यांनी आपल्या ग्रंथपालांच्या निरोप समारंभातही केलं होतं, मला पाठ आहे. मग आपले सर उठले, रोबो टीमचे मार्गदर्शक. आवाज खरोखर भरून आला होता त्यांचा, ते खोटं नव्हतं. म्हणाले, “फार गुणी मुलगा. गेल्या वर्षी त्याच्या कोडमध्ये चूक राहिली, आपण स्पर्धा हरलो, पण मी त्याला एका शब्दानं बोललो नाही. शिकण्याच्या वयात चुका व्हायच्याच.”

आणि काकू उठल्या. महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेली बाई, आवाज असा की शेवटच्या बाकापर्यंत पोचावा. पण काल तो पहिल्या रांगेतच राहिला. “सर, आमच्या सुमेधमुळं तुम्हा सगळ्यांची मेहनत वाया गेली. त्याला फार लागलं होतं ते. घरी म्हणायचा, आई, माझंच चुकलं. त्याच्यातर्फे मी माफी मागते.”

सर म्हणाले, “अहो ताई, असं काय करता! आम्ही ते कधीच विसरलो.”

किती मोठं मन, नाही? मी भिंतीशी लॅपटॉप घेऊन बसले होते, पडद्यावर तुझे फोटो दाखवायचं काम माझ्याकडे होतं. तू आईलासुद्धा खरं सांगितलं नव्हतंस? अरे, मला गप्प केलंस ते केलंस, सख्ख्या आईलाही?

आता मी बोलते. तू ऐक. पहिल्यांदाच मध्ये तोंड घालायची सोय नाही तुला.

पहिल्या वर्षाला तू विश्रांतवाडीहून दोन बस बदलून यायचास आणि तरी माझ्या आधी पोचायचास. मी कोथरूडहून गाडीवर येऊन उशीर करायचे. म्हणून तू माझं नावच ‘कोथरूड’ ठेवलंस. केतकी हे माझं खरं नाव तुझ्या तोंडून मी फक्त व्हायवाच्या वेळी ऐकलं, तेही परीक्षकासमोर. ‘आलं का कोथरूड? चहा झाला का, पेपर वाचून झाला का?’ मला राग यायचा आणि मजाही वाटायची. टीममध्ये तू कॅमेरा घेतलास, मी रिंग फेकणारा हात घेतला. म्हणजे बघायचं तू आणि मारायचं मी. तेव्हा हे वाक्य आपल्याला फार विनोदी वाटायचं.

खेळ सांगायला सोपा होता. मैदानात पाच खांब, प्रत्येकावर एकसारखी पिवळी पट्टी. रोबोनं स्वतः बघून, स्वतः ठरवून प्रत्येक खांबात एकेक रिंग टाकायची. रिमोट नाही, काही नाही. त्यातले दोन खांब सरकत्या पट्ट्यावर, सारखे एकमेकांच्या आड जाणारे. एक खांब शोधणं कुठल्याही टीमला जमत होतं. पाचही एकदम डोळ्यांसमोर ठेवायचे, कुणाला रिंग मिळाली आणि कुणाला नाही हे विसरायचं नाही, आणि आड गेलेला पुन्हा बाहेर आला की त्याला नवा समजायचं नाही, इथं भल्याभल्यांची दाणादाण उडत होती. एकेक रोबो त्याच खांबात दोनदा रिंगा टाकून खूश होऊन थांबायचा.

तुझी चाचणीची तऱ्हा आठवते? मेसमधून स्टीलच्या डब्यांची झाकणं आणलीस, त्यांना पिवळा कागद चिकटवलास आणि आम्हा सगळ्यांना ती छातीशी धरून वर्कशॉपभर फिरायला लावलंस. “एकमेकांच्या मागून जा रे, लपा, परत या, थांबू नका!” आम्ही येड्यासारखे झाकणं धरून फिरतोय आणि तू लॅपटॉपमध्ये नाक खुपसून ओरडतोयस, “कोथरूड दोन नंबर होती, तिला चार का म्हणतोय हा?” मी विचारलं, “सगळी झाकणं सारखीच पिवळी, मग तो बिचारा ओळखणार कसा?” तू म्हणालास, “रंगावरून फक्त एवढंच कळतं की खांब आहे. कुठला खांब आहे, ते तो कुठून आला आणि कुठं चालला होता त्यावरून.” मला तेव्हा ते केवळ कॅमेऱ्याबद्दल वाटलं. तुलाही कदाचित तेवढंच म्हणायचं असेल. मेलेल्या माणसाच्या प्रत्येक वाक्यात अर्थ शोधायची खोड मला लागू नये एवढंच.

खडकवासल्याला गेलो होतो तेव्हा चौपाटीवर फुग्यांच्या फळीसमोर तू सगळ्यांना अर्धा तास शिकवलंस. ‘एका फुग्याकडे टक लावायची नाही. सगळी फळी बघायची, मग त्यातला एक निवडायचा, आणि मारताना बाकीचे कुठं आहेत हे विसरायचं नाही.’ मग बंदूक घेतलीस आणि एकही फुगा फुटला नाही. फुगेवाला म्हणाला, “साहेब, तुम्ही बोलता झकास.” आम्ही हसून हसून कठड्यावर आडवे झालो. तूही हसलास. तुझं ते हसणं मी कुणाला दाखवू शकत नाही, कारण त्या दिवशी फोटो तू काढत होतास.

आणि हो, हेही लिहिते, नाहीतर म्हणशील की नुसती शिव्या देते. माझा फेकणारा हात जरा डावीकडं मारायचा. वेल्डिंग माझंच वाकडं. तू ते कुणाला कळू दिलं नाहीस. कोडमध्ये गुपचूप तेवढं उजवीकडं सरकवून ठेवलंस आणि सगळे माझं कौतुक करत असताना शांतपणे वडापाव खात बसलास. मी विचारलं तेव्हा म्हणालास, “सांगून काय करायचं? पडतेय ना रिंग बरोबर?” तुझं गप्प बसणं मला तेव्हा किती आवडलं होतं! फुकटात मिळत होतं ना.

दसऱ्याला आपल्या वर्कशॉपात पूजा असायची, तू टीममध्ये यायच्या कितीतरी आधीपासूनची. लेथ, ड्रिल, पाने, हातोड्या, सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूची माळ. रोबो आल्यावर रोबोलाही. मी रांगोळी काढायचे, खोटं कशाला बोलू, मला आवडायचं ते. तू त्या दिवशी विहारातून पांढऱ्या शर्टात यायचास, तुमचा तो मोठा दिवस, आणि दारातूनच विचारायचास, “पेढे उरलेत का? प्रसाद चालतो मला, फक्त ताट धरायला लावू नका.” सगळे हसायचे. सरही हसायचे. कधी कुणी तुला वाकडं बोललं नाही. म्हणून तर मला वाटायचं की आपल्याकडं असलं काही नाही. आणि तू मला तसं वाटू द्यायचास.

स्पर्धेच्या दिवशी रोबो मैदानाच्या कडेला उभा होता, चालू केलेला. कॅमेरा त्याच्या वरच्या भागात, कपाळावर असावा तसा, आणि त्याला रिंग लागू नये म्हणून पुढं पारदर्शक काच. तू पंचांच्या टेबलाशी सही करायला गेला होतास. मी खाली वाकून हाताचे बोल्ट आवळत होते. सर खिशात हळद-कुंकवाची दुहेरी डबी घेऊन आले होते, घरून, मुलांसाठी म्हणून. मी फक्त त्यांचा आवाज ऐकला, “यशस्वी हो रे बाबा.” मला वाटलं, मलाच म्हणाले. मी खालूनच “थँक यू सर” म्हटलं.

शिट्टी झाली. रोबो दोन पावलं पुढं गेला, थांबला आणि उजवीकडं वळायला लागला. वळतच राहिला. समोर पाच खांब, आणि आपलं ध्यान स्वतःभोवती फुगडी घालतंय. निवेदक माइकवर म्हणाला, “रोबोला चक्कर आली वाटतं!” अख्खा हॉल हसला. तू कडेला उभा होतास, मुठी आवळून, आणि मी तुझ्याकडं बघत होते, रोबोकडं नाही. वेळ संपली. एकही रिंग पडली नाही. वर्षभराची मेहनत गिरक्या घेऊन बंद पडली.

मग कुणीतरी विचारलं, “कोड कुणाचा होता?” माहीत असून विचारलं. आणि कुणीतरी उत्तर दिलं, “सुमेधचा.” तिथून पुढं वर्षभर ते उत्तर बदललं नाही. नव्या मुलांना तू टीममध्ये कोण आहेस हे सांगताना लोक तेच सांगायचे. तुझ्या नावापुढं ती फुगडी कायमची लागली.

हॉलच्या पायऱ्यांवर बसून आपण रोबोनं काढलेला व्हिडिओ लावला, कॅमेऱ्याला काय दिसलं ते बघायला. सुरुवातीला पाचही खांब स्वच्छ. मग समोरून एक बोट आलं. मोठं होत होत अख्ख्या चित्रावर आलं, बोटात पुष्कराजाची अंगठी. बोट गेलं, आणि उजव्या कडेला एक पिवळा, धुरकट डाग राहिला. हॉलच्या झगझगीत दिव्यांत उजळलेला. आपला नियम काय होता? ज्याला रिंग मिळालेली नाही आणि जो सगळ्यात मोठा दिसतो, त्याच्याकडं आधी वळायचं. रोबोला सहावा खांब दिसला, सगळ्यात मोठा, थोडा उजवीकडं. तो उजवीकडं वळला. डाग काचेवरच, तोही बरोबर वळला. रोबो आणखी वळला. बिचारा स्वतःच्या कपाळावरच्या हळदीचा पाठलाग करत होता.

मी उठले होते, आठवतंय? “चल, आत्ता दाखवू सगळ्यांना.” तू लॅपटॉप मिटलास. मान खाली, आवाज अगदी साधा. “कोथरूड, गप्प बस.”

दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा खडकवासल्याला गेलो, या वेळी दोघंच. कणसं घेतली आणि खाल्ली नाहीत. मी भांडले. त्या भांडणाचा शब्द न् शब्द माझ्याकडं आहे आणि ते भांडण आपण कधीच संपवलं नाही.

मी म्हटलं, “काचेला हळद लागली होती एवढंच तर सांगायचंय. यात घाबरायचं काय?”

“एवढंच सांगायचं असतं तर मी कालच सांगितलं असतं.”

“मग?”

“मग असं की पहिलं वाक्य काचेचं असेल. दुसरं कुणीतरी म्हणेल, यांना पूजेचा त्रास असतोच. तिसऱ्या वाक्यापासून काच, कॅमेरा, हळद सगळं गायब. उरणार मी.”

“मी सांगते ना. माझं नाव घे.”

“तू सांगितलंस तर म्हणतील, यानं शिकवलं.” मग कणसाचे दाणे उगाच सोलत बसलास. “मला चुकलेला मुलगा म्हणून राहू दे. चूक दुरुस्त करता येते. दुसरं काही चिकटलं की ते निघत नाही, केतकी.”

हो, त्या एका वेळी तू केतकी म्हणालास, आणि समोर परीक्षक नव्हता.

मी म्हटलं, हा भित्रेपणा आहे. तू माझ्याकडं बघितलंस, रागानं नाही, थकल्यासारखं. “असेल. भित्रेपणा म्हणायची चैन तुला परवडते.” मला इतकं लागलं ते! मला त्या सगळ्यांच्यात ढकलून मोकळा झालास. मी म्हटलं, “मग मला तरी मैत्रीण कशाला म्हणतोस?” तू म्हणालास, “म्हणूनच सांगतोय, बोलू नकोस.” आणि माझ्याकडून कबूल करून घेतलंस. हाताची घडी, तोंडावर बोट. शिक्षिकेचा मुलगा शोभलास.

मग तू काय केलंस? शहाण्या, तू घरून हळद आणलीस. काकूंच्या मसाल्याच्या डब्यातली, कागदाच्या पुडीत. सगळे गेल्यावर त्याच काचेवर रोज लावायला लागलास. कधी पातळ, कधी जाड, कधी कुंकू मिसळून, एकदा तर तेलाचं बोट. “बघा रे,” स्वतःशीच हसत म्हणायचास, “बुद्धविहारातला मुलगा रोज यंत्राची पूजा करतोय.” आणि कोडमध्ये एक ओळ घातलीस. रोबो वळत असताना जी वस्तू चित्रात जागची हलत नाही, ती टार्गेट नाही, ती सोडून द्यायची. ओळ सुंदर होती. खरा खांब रोबो वळला की चित्रात सरकतो, डाग सरकत नाही. काच किती का माखेना, रोबो मागून पाच खांब शोधून काढायला लागला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ‘सुमेधनं आपली चूक सुधारली.’ सरांनी पाठ थोपटली. अंगठीचा हात.

मी त्या दिवशी तुझ्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलले आणि ओरडलेच. “काच पुसा म्हणायची हिंमत नाही, म्हणून तू त्यांच्या हळदीची सोय करून ठेवलीस! रोबोला आंधळं व्हायला शिकवलंस.” तू म्हणालास, “आंधळं नाही गं, शहाणं. कुणी काहीही लावलं तरी आपण आपलं काम करत राहायचं.” मी म्हटलं, “आणि लावणाऱ्यांनी लावतच राहायचं?” तू चष्मा वर सरकवलास. “जाऊ दे ना.”

मला त्याचं उत्तर हवं होतं, सुमेध. अजून हवंय.

तापही असाच लपवलास. डेंग्यूनं शहरात घराघरात माणसं पडलेली, आणि हा म्हणतोय साधा ताप. फोनवर आवाज विहिरीतून आल्यासारखा आणि बोलणं काय तर, “कॅमेऱ्याची नवी फाइल टाकलीय, बघून घे.” मी म्हटलं, “रक्त तपासलंस का?” म्हणे, “आईची परीक्षेची गडबड चाललीय, उगाच कशाला.” उगाच! मग प्लेटलेटसाठी धावाधाव, आम्ही सगळे दवाखान्याच्या व्हरांड्यात, सरसुद्धा. हो, सरांनीही रक्त दिलं, तेही लिहिते. आणि तू आत. तिथंही कुणाला काही न सांगता गेलास. लोक म्हणतात शांतपणे गेला. मला त्या शब्दाची चीड आली आहे. शांत, शांत, शांत! एकदा तरी बोंबलायचं होतंस रे.

तर काल. सर म्हणाले, आम्ही ते कधीच विसरलो, आणि काकू खाली बसायला लागल्या. मी पडद्यावरचा तुझा फोटो बंद केला आणि तो व्हिडिओ लावला. तुझी परवानगी घेतली नाही. घेणार कुठून?

म्हटलं, “काकू, कोड बरोबर होता. काचेवर हळद लागली होती, म्हणून रोबो फिरला. हे बघा.” एवढीच तीन वाक्यं. मी मोजून मापून बोलले, तुला दाखवायला की काचेबद्दल काचेएवढंच बोलता येतं.

पडद्यावर पाच खांब आले. मग बोट आलं, भिंतीएवढं. अंगठी आली. कुणाची ते सांगावं लागलं नाही. सरांनी आपला हात खिशात घातला.

आणि विभागप्रमुख म्हणाले, “ही वेळ आहे का हे काढायची? श्रद्धेचा विषय असतो हा. आता यात जातपात कशाला आणायची?”

मी आणली होती का? तू सांग. मी हळद म्हटलं, काच म्हटलं, कोड म्हटलं. पहिलं वाक्य माझं, दुसरंच वाक्य तुझं भाकीत. तिसऱ्यापर्यंत थांबावंसुद्धा लागलं नाही. तू अगदी बरोबर होतास, आणि तू बरोबर असण्याचा मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. मी तिथं उभी आणि माझ्या डोळ्यांदेखत काच, कॅमेरा, हळद सगळं गायब झालं. दोघं-तिघं माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी मयताच्या घरी भांडण उकरून काढलं. उरलास तू, फोटोतून आमच्याकडं बघत.

मग काकू बोलल्या. “थांबा.” शेवटच्या बाकापर्यंत. “केतकी, परत दाखव.”

मी परत दाखवलं. त्या पडद्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. बोट आलं, गेलं, डाग राहिला, पडद्यावरचा हॉल गरागरा फिरायला लागला. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला.

“म्हणजे त्याचं काही चुकलं नव्हतं?”

“नाही, काकू.”

“आणि त्याला हे माहीत होतं?”

“त्याच दिवशी कळलं होतं.”

काकांनी पहिल्यांदा मान वर केली. मग काकू सरांकडं वळल्या. आवाज चढलेला नाही, रडलेला नाही, वर्गात हजेरी घेतात तसा.

“सर, मघाशी मी माफी मागितली होती. ती परत घेते.”

आणि बसल्या.

अरे, काय सांगू तुला! विभागप्रमुख मेणबत्ती सरळ करायला लागले. मी भिंतीला टेकले आणि तेव्हा, तू गेल्यानंतर पहिल्यांदा, मला पोटातून रडू आलं.

नंतर गाड्या लावतो तिथं सर मला गाठून म्हणाले, “मला खरंच माहीत नव्हतं गं. त्यानं एकदा तरी सांगायचं होतं. मी सगळ्यांसमोर कबूल केलं असतं.” चेहरा पडला होता त्यांचा. आणि सुमेध, कदाचित त्यांनी केलंही असतं. हे मला सगळ्यात जास्त छळतंय. तू त्यांना चांगलं वागायची एक संधी दिली नाहीस. पण तुला तशी संधी द्यावीशी वाटेल असं त्यांच्यातलं, आमच्यातलं कुणी, अगदी मीसुद्धा, इतक्या वर्षांत वागलं का? बोल कुणाला लावू? माझ्याकडं दोन्हीकडचा राग आहे आणि ठेवायला जागा नाही.

मी सरांना म्हटलं, “सांगितलं नाही खरं. पण तुम्हीही विचारलं नाहीत, सर. कोड कुणाचा एवढंच विचारलं गेलं.” ते हेल्मेट घालून निघून गेले.

स्पर्धा पुन्हा आली आहे. रोबो पेटीत भरायला घेतलाय, कपाळावर तुझाच कोड. ती ओळ मी ठेवली आहे, काढणार नाही. तुझी आहे, आणि चांगली आहे. पण आज सकाळी नेहमीसारखं ताट आलं, हळद, कुंकू, झेंडू. मी काचेवर हात ठेवून उभी राहिले. म्हटलं, चाकाला लावा, हाताला लावा, पेटीला लावा, माझ्या कपाळाला लावा. काचेला नाही. टीममधल्या एका मुलीनं विचारलं, का? मी सगळं सांगितलं, तुझ्या नावासकट, पहिल्यापासून. सांगून झाल्यावर फडकं घेतलं आणि डाग नव्हता तरी काच पुसली. यापुढं दर वेळी सांगणार आहे, विचारलं तरी आणि न विचारलं तरी.

काच पुसताना तू शेजारी उभा असल्यासारखा ऐकू आलास. नाकावरचा चष्मा वर सरकवून, तस्साच. “कोथरूड, गप्प बस.”

नाही बसणार.